घरात आहे म्हणजे रक्तात आहे असं नाही : नंदनवनच्या एका ताईंची केस

फेब्रुवारीतली दुपार होती, माझ्या क्लिनिकचं शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि ताई वाकून आत शिरल्या. वय ५२, नागपुरात नंदनवनमध्ये घरूनच डबे देतात, इंजिनिअरिंगच्या पोरांचे चाळीसेक डबे, सकाळी साडेचारपासून ओट्यापाशी उभ्या. माझ्याकडे बारा वर्षांपासून येतात, बहुतेक वेळा नवऱ्याच्या बीपीसाठी नाहीतर स्वतःच्या गुडघ्यांसाठी. त्या दिवशी खुर्चीवर टेकल्या पण नाहीत.

"मॅडम, मले कॅन्सरच्या सगळ्या टेस्ट लिहून द्या. आमच्या घरात निघाला."

ताईंना विचारूनच हे लिहून राहिली आहे, ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत. लिहायचं कारण एवढंच की हा "आमच्या घरात निघाला" वाला गोंधळ मी महिन्यातून तीनदा तरी ऐकते आणि प्रत्येक वेळी तोच कागद काढून तीच रेघोट्यांची आकृती काढत बसते.

निघाला होता नणंदेला. वय ४३, शाळेत शिक्षिका, डाव्या स्तनात गाठ, दुखत नव्हती म्हणून सात महिने अंगावर काढली. आणि नणंद कशी, तर काडीसारखी बारीक, रोज पहाटे फिरायला जाणारी, तेलकट म्हटलं की नाक मुरडणारी, महालक्ष्म्यांच्या जेवणात सुद्धा पुरणाची एकच पोळी घेणारी. ताई म्हणे, "तिले झाला जी, तिले! मी तर दिवसभर तेलात हात घालून उभी राहते, मग माह्यं काय होईल?"

आता या वाक्यात दोन वेगवेगळ्या भीत्या एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, नणंदेला झाला म्हणजे मला होईल. दुसरी, पथ्य पाळणारीला झाला तर मी पथ्य पाळून तरी काय फायदा. मला दोन्हींना वेगवेगळं उत्तर द्यायचं होतं, म्हणून आधी बसवलं, पाणी दिलं, आणि प्रिस्क्रिप्शन पॅडचा एक कागद उलटा केला.

बाईला गोल, माणसाला चौकोन. ताईंचा गोल, शेजारी त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे भाऊंचा चौकोन, मध्ये लग्नाची आडवी रेघ. खाली मुलगी २३ ची, पुण्यात नोकरी, आणि मुलगा १९ चा. भाऊंच्या बाजूला त्यांची ही बहीण, तिचा गोल मी काळा केला आणि विचारलं, "ताई, हिचं आणि तुमचं रक्ताचं नातं काय?"

थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग, "काहीच नाही ना बाप्पा. नणंद आहे."

नणंदेच्या कॅन्सरने ताईंची स्वतःची जोखीम एक टक्क्यानं सुद्धा वाढत नाही. पंचवीस वर्षं एका घरात सणवार केले, एका ताटात जेवल्या, तरी नाही, कॅन्सर काही पंगतीतून पसरत नाही. पण मी बोट खाली सरकवलं, पोरीच्या गोलावर. नणंद तिची सख्खी आत्या, तिथे रक्त आहे. ताई ज्या भीतीनं आल्या होत्या ती भीती खरी होती, फक्त एक घर चुकून बसली होती.

हे आत्या प्रकरण आपल्याकडे फार हुकतं. बायकांचा आजार म्हणजे तो आईकडून, मावशीकडून, आजोळाकडून येणार असं सगळ्यांना वाटतं, अहो कित्येक तपासणीच्या फॉर्मवर सुद्धा "आई किंवा बहिणीला होता का" एवढंच विचारतात आणि पुढचं पान. पण जीन्स अर्धे बापाकडून येतात. बापाला स्वतःला काही न होता तो बदललेला जीन त्याच्या अंगात आरामात बसून राहू शकतो आणि पोरीपर्यंत पोचू शकतो. म्हणून मी विचारलं, भाऊंची आई कशानं गेली?

सासूबाई काटोलकडच्या, ४१ व्या वर्षी गेल्या, तेव्हा ही नणंद दहा वर्षांची होती. "पोटात पाणी झालं म्हणत. जलोदर. पोट एवढं मोठं झालं होतं, लोक म्हणत दिवस गेले काय." माझा पेन तिथे थांबला. जलोदर लिव्हरच्या आजारानं होतो, टीबीनं होतो, आणि अंडाशयाच्या कॅन्सरनं पण होतो. कागदपत्रं एक नाही, तेव्हाचे डॉक्टर पण राहिले नसतील, त्यामुळे मी काही ठाम म्हणणार नाही आणि तेव्हाही म्हटलं नाही, पण चाळिशीतली बाई, पोटात पाणी, आणि तिच्या पोरीला ४३ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर, हे तिन्ही एका रेषेत आले की सासूबाईंच्या गोलात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढावंच लागतं. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२, बोलताना सगळे ब्राका म्हणतात, हे दोन जीन १९९४ आणि १९९५ मध्ये सापडले, आणि त्यांच्यातला बिघाड स्तन आणि अंडाशय दोन्हीकडे जोखीम वाढवतो. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर केसमध्ये साधारण पाच ते दहाच असल्या आनुवंशिक असतात, बाकीच्या नाहीत. पण ज्या घरात असतात त्या घरात सगळं गणितच बदलून जातं.

"पहिली टेस्ट नणंदेची," मी सांगितलं. "तुमची नाही, पोरीची पण नाही." ज्याला आजार झाला त्याचीच आधी करायची, तिच्यात काही सापडलं तर मग पुढे कोणात नेमकं काय शोधायचं ते कळतं. उलटं केलं, म्हणजे पोरीची आधी केली आणि निगेटिव्ह आली, तर त्या निगेटिव्हचा अर्थ काय लावायचा हेच कळत नाही.

मग पिशवीतून एक चकचकीत फाइल निघाली. येण्याआधीच ताई एका लॅबमध्ये जाऊन "लेडीज कॅन्सर पॅकेज" करून आल्या होत्या, साडेचार हजार. त्यात सीए १५-३ नावाची रक्ताची टेस्ट होती, ती नॉर्मल, आणि खाली हिरव्या अक्षरात नॉर्मल लिहिलेलं बघून त्यांना एक दिवस झोप लागली, दुसऱ्या दिवशी परत भीती. लॅबचं नाव घेत नाही. पण सीए १५-३ ही स्क्रीनिंगची, म्हणजे काही त्रास नसताना आजार शोधायची टेस्ट नाही, सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती बहुतेक वेळा नॉर्मलच असते आणि कॅन्सर नसताना वाढलेली पण सापडते, ती मुख्यतः पसरलेल्या आजारात उपचार लागू पडून राहिला का ते बघायला वापरतात. साडेचार हजारात ताईंनी काय घेतलं तर एका रात्रीची झोप. त्यांच्या डब्याच्या हिशोबात ते किती डबे होतात ते मी मोजलं नाही, त्यांनी मोजलं असेल.

मग ताईंची स्वतःची जोखीम किती

घरात नाही म्हणजे शून्य पण नाही. भारतातल्या कॅन्सर रजिस्ट्रीच्या २०२० च्या अहवालात ७४ वर्षांपर्यंत साधारण २९ बायकांत एकीला हा कॅन्सर होतो असं गणित आहे. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की जवळजवळ निम्म्या केसमध्ये बाई असणं आणि चाळिशी ओलांडणं यापलीकडे दुसरं खास कारणच सापडत नाही. म्हणजे ताईंना झाला असता तरी "काहून झाला" याचं उत्तर मिळालंच असतं असं नाही, आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं, कारण आपल्याकडे आजार झाला की आधी बाईची चूक शोधतात.

त्यांच्या बाबतीत जे होतं ते असं. पाळी बाराव्या वर्षी आली, पन्नाशीला गेली. पहिलं मूल २९ ला, त्यांच्या काळाच्या मानानं उशिरा. मुलीला दीड वर्ष पाजलं, मुलाला चारच महिने, कारण तेव्हा डबे सुरू केले. यातलं काहीच आता बदलता येत नाही, म्हणून त्यावर मी दोन मिनिटं घालवली आणि पुढे गेली. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७१ किलो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) ३०.७, कंबर ९६. आपल्या लोकांसाठी बीएमआय २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, बायकांची कंबर ८० च्या आत हवी, तेव्हा बदलण्यासारखं खरं इथे होतं.

ताईंना हे पटेना. "वजनाचा आणि याचा काय संबंध? वजनानं तर गुडघे जातात." संबंध असा की पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन बनवायचं जवळपास थांबवतं, पण चरबी नाही थांबत. चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते दुसऱ्या हार्मोनचं इस्ट्रोजेन करत बसतं. जितकी चरबी जास्त तितका हा कारखाना मोठा, आणि स्तनाचे बरेचसे कॅन्सर इस्ट्रोजेनवरच पोसले जातात. मी म्हटलं, ताई, तुमचं मेन किचन बंद झालं पण मागच्या दारी चोरून दुसरी मेस सुरू आहे. ही भाषा त्यांना बरोबर समजली.

आणि दुसरी गोष्ट अगदी शेवटी, उठता उठता निघाली, अशा गोष्टी नेहमी उठता उठताच निघतात. अंगातून गरम वाफा येतात म्हणून शेजारणीची जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून हार्मोनच्या गोळ्या आणून आठ महिन्यांपासून चालू होत्या, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही असलेल्या. अमेरिकेत या जोडगोळीवर साडेसोळा हजारांवर बायकांचा मोठा प्रयोग चालू होता, तो जुलै २००२ मध्ये मध्येच थांबवावा लागला कारण गोळी घेणाऱ्यांत स्तनाचे कॅन्सर जास्त निघाले, वर्षाला दहा हजार बायकांमागे साधारण आठ जास्त. आठ म्हणजे फार नाही, घाबरून जायचा आकडा नाही, ज्या बाईला वाफांनी जगणं मुश्किल झालं तिला डॉक्टरच्या देखरेखीत काही काळ देतात पण. पण शेजारणीच्या चिठ्ठीवर? त्या दिवशीच बंद केल्या. वाफांसाठी रात्री ओट्याचा पंखा, सुती गाऊन, संध्याकाळचा दुसरा चहा बंद, एवढ्यावर भागलं, सगळ्यांचं भागतंच असं नाही.

मग हळूच विचारलं, "आणि त्या महालक्ष्म्यांच्या वेळच्या गोळ्या? पाळी पुढे ढकलाच्या? मी पंधरा वर्षं घेतल्या असतील." वर्षातून आठ-दहा दिवस घेतलेल्या त्या गोळ्यांनी हे होतं असं म्हणायला आधार नाही, ते भूत डोक्यातून काढा म्हटलं. सोळा भाज्या आणि आंबील त्यांच्याशिवाय कोणी केलं नसतं हेही खरंच आहे, पण तो वेगळा विषय.

तपासणी

हातानं तपासलं, काही लागलं नाही. ही हाताची तपासणी लोक फार हलक्यात घेतात. मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून दीड लाख बायकांवर वीस वर्षं हा अभ्यास केला, अर्ध्या बायकांना ट्रेनिंग दिलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत. २०२१ मध्ये निकाल छापला, पन्नाशीच्या वरच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले, तरुण बायकांत तसा फरक दिसला नाही. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ च्या बायकांची ही तपासणी दर पाच वर्षांनी फुकट आहे, ताईंच्या गल्लीतली आशा दोनदा सांगून गेली होती, दोन्ही वेळा डब्यांची वेळ होती.

मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्स-रे केला, रिपोर्टमध्ये बायरॅड्स २, म्हणजे कॅन्सरसारखं काही नाही, पण त्यात "कॅल्सिफिकेशन" शब्द होता आणि ताईंनी गुडघ्यासाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या. स्तनात दिसणारे ते पांढरे ठिपके खाल्लेल्या कॅल्शियमचे नसतात. गोळ्या परत लिहून दिल्या.

घरी काय बघायचं तेही सांगितलं, महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी, तारीख ठरवून: गाठ, काखेतली गाठ, त्वचा ओढली जाणं किंवा संत्र्याच्या सालीसारखी होणं, निप्पल आत जाणं, रक्ताळ पाणी येणं. संत्र्याची साल हा आमच्या पुस्तकातलाच शब्द आहे बरं का, नागपूरच्या बाईला वेगळा समजवावा लागत नाही. आणि दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, नणंद त्याच्याचसाठी थांबली होती.

तेलाची बरणी

आता ज्याच्यात खरा वेळ गेला ते सांगते. ताईंना मी पहिल्या दिवशी "तेल कमी करा, चाला" म्हटलं असतं तर हो म्हणून गेल्या असत्या आणि झालं. अडचण अशी की त्यांच्या घरात तेलाचा हिशोबच नाही, डब्याचं आणि घरचं एकाच पिंपातून. भाजीला फोडणी डब्याच्या हातानं, पोरांना तर्री दिसली पाहिजे, नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरी मेस. म्हणून पहिलं काम एकच, घरच्या तेलाची वेगळी बरणी. महिनाभर काही कमी करायचं नाही, फक्त मोजायचं. तीन माणसांचं साडेतीन किलो निघालं, माणशी दिवसाला ३९ ग्रॅम, आणि वर डब्याच्या भाजीची चव बघणं वेगळं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या नमुना ताटात २००० कॅलरीला २७ ग्रॅम आहे. ताईंना स्वतःलाच शरम वाटली, मला काही बोलावं लागलं नाही. मेपर्यंत अडीच किलोवर आल्या, २८ ग्रॅम. सावजी महिन्यातून एकदा भाऊंसाठी, तेवढं राहू दिलं. ज्वारीची भाकर रात्रीची परत सुरू केली, गव्हाच्या चार पोळ्यांच्या जागी दोन भाकरी, अंबाडी नाहीतर मेथी, वर वरणाची वाटी.

सोयाबीनचं पण एक. ताईंच्या माहेरी शेतात सोयाबीन, आणि कोणीतरी सांगितलं होतं की त्यात बायकांचं हार्मोन असतं म्हणून सोयावड्या सोडल्या होत्या. सोयाबीनमध्ये त्या हार्मोनसारखा दिसणारा एक पदार्थ असतो हे खरं, पण जेवणातल्या सोयाबीननं स्तनाचा कॅन्सर वाढत नाही. आपल्या विदर्भातल्या बाईनं सोयाबीनला भ्यावं म्हणजे फारच झालं. आणि हळदीचं पाणी, लिंबाचा काढा, अमुक बिया, हे रोज ताईंच्या फोनवर येत होतं, त्यातल्या एकाही गोष्टीनं हा कॅन्सर टळतो असं सिद्ध झालेलं नाही, प्यायला हरकत नाही पण त्याला औषध म्हणू नका.

चालण्यावरून भांडण झालं. "मी सकाळपासून उभी असतो, अजून काय चालू?" उभं राहणं म्हणजे चालणं नाही. आठवड्याला निदान १५० मिनिटं, आणि वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. पहाटे डबे, दुपारी ऊन, आणि मेमध्ये नागपूरचं ऊन म्हणजे ४५ डिग्री, तेव्हा बाहेर चाला म्हणणारी डॉक्टर येडी. मग संध्याकाळी साडेसातनंतर, पंधरा मिनिटं सक्करदरा तलावाकडे जाऊन पंधरा मिनिटं परत. पहिले दोन आठवडे कुत्र्यांच्या भीतीनं गेल्याच नाहीत, मग गल्लीतल्या दोघीजणी सोबत घेतल्या.

वजन फेब्रुवारीत ७१, मेमध्ये ६८.५, महालक्ष्म्यांनंतर ६९.५ (पुरण, काय बोलणार), या जानेवारीत ६६.५. साडेचार किलो. फार वाटत नाही ना? पण दहा अभ्यास एकत्र करून पन्नाशीपुढच्या १,८०,००० बायकांचं गणित २०१९ मध्ये आलं, त्यात दोन ते साडेचार किलो कमी करून टिकवणाऱ्यांत जोखीम साधारण १३ टक्के कमी दिसली, नऊ किलोच्या वर कमी करणाऱ्यांत २६ टक्के. टिकवणं हा शब्द महत्त्वाचा. आणि १३ टक्के कमी म्हणजे १३ टक्क्यांवर आली असं नाही, जी काही आहे तिच्यातून तेरावा हिस्सा पण नाही, शंभरातले तेरा भाग गेले. ताईंनी विचारलं, "म्हणजे मले होणार नाही?" मी म्हटलं, तसं नाही सांगता येत. पावसात छत्री घेतली तर ओले व्हायचे चान्स कमी, एवढंच.

नणंदेला टोमणे

या सगळ्यात नणंदेवर काय गुजरलं ते पण लिहिते, कारण पथ्याचा दुसरा चेहरा तिथे दिसला. तिला मूलबाळ नाही. नातेवाईक भेटायला येत आणि बाहेर पडता पडता म्हणत, पोर नाही ना, म्हणून होते असं. हे अर्धसत्य फार जुनं आहे. इटलीच्या रामाझिनी नावाच्या डॉक्टरनं १७१३ मध्येच लिहून ठेवलं की मठातल्या जोगिणींना हा आजार जास्त होतो. आणि १९२६ मध्ये इंग्लंडच्या जेनेट लेन-क्लेपन बाईंनी ५०० आजारी आणि ५०० बिनआजारी बायकांची माहिती शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की मुलं कमी, उशिरा, अंगावर पाजणं कमी, असं असेल तर धोका थोडा जास्त. पुढे २००२ मध्ये हिशोब आला की दर बाळंतपणामागे जोखीम ७ टक्के आणि पाजण्याच्या प्रत्येक वर्षामागे ४.३ टक्के कमी होते. हे आकडे आहेत, यात कुणाचा गुन्हा नाही. जिला मूल झालं नाही तिला कॅन्सरच्या खाटेवर हे ऐकवायला आकड्यांची गरज लागत नाही, फक्त जीभ लागते. ताईंनी एका चुलत सासूला दारातूनच परत पाठवलं, मला फार आवडलं ते.

आणि ती एवढी पथ्याची असून तिला कसा झाला याचं उत्तर जूनमध्ये आलं. बीआरसीए-२ पॉझिटिव्ह.

भाऊ

बीआरसीए-२ असलेल्या बाईला सत्तर-ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर व्हायची शक्यता शंभरात ४५ ते ६९ अशी सांगतात. त्या आकड्यापुढे भाकर आणि फिरणं छोटं पडतं, निरर्थक नाही, पण छोटं. नणंदेचं चालणं वाया गेलं असंही मी म्हणणार नाही, केमो तिनं ज्या ताकदीनं काढला त्यात तिच्या पायांचा वाटा आहे असं तिचे डॉक्टर पण म्हणाले. उपचार इथेच झाले. मानेवाड्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मिहानला एम्स, आता नागपूरच्या माणसाला प्रत्येक गोष्टीसाठी मुंबईची गाडी पकडावी लागत नाही.

पुढची टेस्ट भाऊंची. सख्ख्या भावाला तोच बदल असण्याची शक्यता निम्मी. भाऊ ५४ चे, खिशात तंबाखू-सुपारीचा खर्रा, "बायकांचा आजार, मले काय होते?" चार महिने गेले. मी सांगून थकली, ताई सांगून थकल्या. (खर्र्यानं तोंडाचा कॅन्सर होतो हे त्यांना मी बारा वर्षांपासून सांगून राहिली, त्याचंही असंच.) शेवटी झालं काय तर बहिणीला सलाइन लावून बाहेर बाकड्यावर बसले होते, तिथल्या काउन्सेलर बाईंनी हाक मारली, भाऊ पाच मिनिटं या, आणि तिथेच रक्त दिलं. काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही. नेमका बदल माहीत असला की ही टेस्ट सोपी आणि पहिल्यापेक्षा बरीच स्वस्त होते.

पॉझिटिव्ह. हा बदल असलेल्या शंभर पुरुषांत साधारण सातांना स्वतःच्याच छातीत कॅन्सर होतो, प्रोस्टेट या पुरुषांतल्या ग्रंथीच्या कॅन्सरचा धोका पण वाढतो, म्हणून त्यासाठीची पीएसए ही रक्ताची टेस्ट सुरू केली, छाती तपासायला शिकवली. रिपोर्ट हातात घेऊन भाऊ मला एकच म्हणाले, "म्हणजे मी पोट्टीले देल्लं काय हे?" द्यायचं तर तुमच्या हातात नव्हतं भाऊ, म्हटलं, तुम्हालाही कोणीतरी दिलंच. आईचा विषय दोघांनीही काढला नाही.

पोरगी आणि पोरगा

दिवाळीत मुलगी आली, आईसोबत क्लिनिकमध्ये. तिला सगळं माहीत होतं, माझ्यापेक्षा जास्त वाचून आली होती. पहिला प्रश्न, "मॅडम, वाइन हार्टला चांगली असते ना? मैत्रीण विचारत होती." ताईंनी असं पाहिलं पोरीकडे की मला हसू दाबावं लागलं. दारू, कुठलीही, वाइन धरून, स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवते, रोजच्या दहा ग्रॅम अल्कोहोलमागे साधारण ७ ते १० टक्के, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगूनच टाकलं की सुरक्षित असं प्रमाणच नाही. मैत्रिणीला सांग म्हटलं.

तिची टेस्ट ही तिची मर्जी. निम्मी शक्यता आहे. पॉझिटिव्ह आली तर २५ पासून दर सहा-बारा महिन्यांनी तपासणी आणि वर्षाला एमआरआय, ३० पासून त्यासोबत मॅमोग्राम, पुढे गोळ्यांचा किंवा ऑपरेशनचा विचार, तेही घाई नाही. निगेटिव्ह आली तर बापाच्या घरातून आलेली ही टांगती तलवार तिच्यावर नाही, मग तिची जोखीम २९ त एक एवढीच, आईसारखी. २३ ला थांबून विचार करायला दोन वर्षं आहेत. पण ताईंचा प्रश्न वेगळाच होता, हळू आवाजात, पोरगी बाहेर फोनवर गेल्यावर. "मॅडम, स्थळं पाहून राहिलो. लग्नाआधी सांगा लागते काय?" मी माझं मत सांगितलं: टेस्ट करायची का हे पोरीनं ठरवावं, कोणाला सांगायचं हेही तिनंच, आणि मुलाकडचे त्यांच्या घरातले हार्ट अटॅक बायोडाटात लिहितात का तेवढं विचारून बघा. ताई हसल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असती तर मलाही हसू आलं नसतं.

आणि १९ वर्षांच्या मुलाचं कोणी विचारतच नव्हतं. त्यालाही निम्मी शक्यता, आणि उद्या त्याच्या पोरींना. सध्या त्याला फक्त एवढं सांगितलं की तिशीत आला की माझ्याकडे, नाहीतर माझ्या जागी जो असेल त्याच्याकडे ये, आणि बापाचा खर्रा उचलू नकोस.

मागच्या आठवड्यात ताई वजन करायला आल्या, ६६.५ तेव्हाचंच. पिशवीतून तो फेब्रुवारीतला कागद काढला, चार घड्यांवर चिकटपट्टी लावलेली, हळदीचे डाग. त्यावर माझ्या पेनाच्या बाजूला दुसऱ्या अक्षरात नवीन गोल होते. नणंदेनं काढले म्हणे, सुट्टीत बसून, शिक्षिकाच ती, फूटपट्टीनं. सासूबाईंच्या गोलाला जोडून त्यांची एक बहीण, तिच्या गोलात लिहिलेलं, "छातीचं ऑपरेशन, मेडिकलमध्ये," म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. आणि त्याखाली दोन रिकामे गोल.

"या तिच्या पोरी. एक कळमेश्वरले देली, एक मोर्शीले. मोर्शीवालीचा नंबर भेटला, कळमेश्वरवालीचा शोधून राहिलो."